चिंगीचा उजवा दात

दात उडाला तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते आणि अलकाताई डब्याच्या पिशवीची गाठ सोडत होत्या.

तांदळाच्या कणीएवढा दात, त्याचा कसला आवाज येणार! पण पाठीमागे बसलेल्या, पीएचडी करणाऱ्या अपूर्वाच्या घशातून जो आवाज निघाला, त्यावरून त्यांना न वळताच कळलं. दिल्लीच्या रिजवरच्या, म्हणजे झाडीने भरलेल्या टेकाडावरच्या संस्थेत, जीवाश्मांच्या खोलीत, दात वेचण्यात तीस वर्षं काढलेल्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही.

"मावशी, हलू नका. प्लीज," अपूर्वा म्हणाली. "चिंगीचा दात... उडून गेला."

"चिमट्याने धरलास?"

अपूर्वाने हातातला चिमटा पाठीमागे लपवला.

"चिमट्याने धरलास ना?"

"घाई होती, मावशी. शुक्रवारी सर येणार, स्कॅनिंगचं सगळं रेडी करायचं होतं, और ब्रश सुकला होता."

बारका दात चिमट्याने धरायचा नाही, ओल्या ब्रशच्या टोकाला चिकटवून उचलायचा, हे अलकाताईंनी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगून सांगून जीभ झिजवली होती. चिमट्यात जरा जास्त दाब पडला की दात ओल्या साबणासारखा निसटतो आणि कुठे जातो ते देवालाच ठाऊक. पण शिकलेल्या मुलींना मावशीचं सांगणं कानाआडच करायचं असतं. तेच एखाद्या पुस्तकात छापून आलं असतं, तर अपूर्वाने त्याखाली पिवळी रेघ मारली असती.

चिंगी हे काही त्या जनावराचं खरं नाव नव्हे. खरं नाव लॅटिन, आणि एवढं लांबलचक की अलकाताईंनी ते कधी पुरतं म्हटलंच नाही. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी, आज गुजरातेत जिथे कोळशाची खाण आहे, तिथे दाट रान होतं. त्या रानात तळहातावर मावेल एवढं हे जनावर फांद्यांवरून उड्या मारत किडे पकडत हिंडायचं. माकडांच्या आणि आपल्या दूरच्या गोतावळ्यातलं. त्याची जात कधीच संपली. खाणीतली चाळीस पोती माती या संस्थेत आली, चाळणीवर धुतली गेली, उरलेली रेती मायक्रोस्कोपखाली कण कण करून वेचली गेली, तेव्हा त्यातून चिंगीचे दोन दात निघाले. खालच्या जबड्यातल्या दोन दाढा, एक डावी आणि एक उजवी. खोलीतले सगळे त्यांना दातच म्हणत. दोन्ही वेचल्या अलकाताईंनी.

उजवा दात अठरा वर्षांपूर्वी हरवला. उरलेल्या डाव्याच्या जोरावर भाऊसाहेब सरांनी जातीला नाव दिलं. एका दातावर कसली जात उभी करता, म्हणून परदेशातल्या दोघातिघांनी नाकं मुरडली ती अजून मुरडलेलीच आहेत. अपूर्वाची पीएचडी त्या एका दातावर, आणि तोच आता उडाला होता.

"टेबलामागे गेला असणार," अपूर्वा गुडघ्यांवर बसून वाकून बघत म्हणाली. "भिंतीच्या आणि टेबलच्या मध्ये गॅप आहे. दोन माणसं बोलावू, सरकवू या."

ते टेबल अलकाताईंचं. चांगला मायक्रोस्कोप त्यावर, म्हणून अपूर्वा तिथे बसली होती. जुन्या सागवानाचं, सरकारी, हलवायचं म्हटलं तर चार माणसांच्या नाकी नऊ येतील असं.

"आधी फरशी बघ," अलकाताई म्हणाल्या.

फरशी बघून झाली. खुर्चीची गादी, अपूर्वाची ओढणी, तिच्या स्वेटरची बाही, तिचे केससुद्धा बघून झाले.

"आता सरकवू?"

"खिडकीचा कोपरा राहिला."

खिडकीचा कोपराही बघून झाला. डबा तसाच राहिला. अलकाताईंनी पिशवीची गाठ परत बांधून टाकली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. ते टेबल सरकवायचं अलकाताई अठरा वर्षं टाळत आल्या होत्या. रंगारी आले तेव्हा, मागची भिंत कोण बघतंय, म्हणून टाळलं. नवं फर्निचर आलं तेव्हा, मला याचीच सवय आहे, म्हणून टाळलं. या महिन्याच्या अट्ठावीस तारखेला त्या निवृत्त होणार होत्या. टेबलही त्यांच्याबरोबर निर्लेखित होऊन भंगारात जाईल आणि मागची धूळ कोणीतरी झाडून टाकेल, अशी त्यांनी मनाशी समजूत घालून ठेवली होती. आता फक्त अकरा दिवस राहिले होते.

अठरा वर्षांपूर्वी या खोलीत नीला पीएचडी करत होती. उदगीरहून आलेली, पंचवीस वर्षांची, बोलायला लागली की थांबायची नाही. उजव्या दाताची मापं घेण्यात तिने आठ महिने घालवले. दुपारी अलकाताईंच्या डब्यातलं थालीपीठ खाता खाता ती विचारायची, "ताई, चिंगीला पिल्लं किती होत असतील हो?" जणू चिंगी शेजारच्या बिऱ्हाडातली. दात ठेवायची पद्धत अशी की, बुचाच्या आतल्या बाजूला एक टाचणी खोचलेली असते, टाचणीच्या डोक्यावर मेणाने दात चिकटवलेला असतो, आणि बूच लावलं की दात काचेच्या छोट्या बाटलीत अधांतरी सुरक्षित राहतो. नीला रोज संध्याकाळी बूच लावायची आणि म्हणायची, "बघा हं ताई, बंद केली." तिची ती सवयच होती. त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळीही ती तसंच म्हणाली. अलकाताईंनी बघितलं. दात जागेवर होता आणि बूच घट्ट बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी, तरी अलकाताई करोल बागेतून रिक्षा करून आल्या. त्यांचे वडील साताऱ्याला घड्याळं दुरुस्त करायचे. खंडेनवमीला चिमटे, भिंगं, बारके स्क्रू-ड्रायव्हर पाटावर मांडून त्यांची पूजा व्हायची. बोटांमधली नजाकतही तिथलीच, आणि रीतही. अलकाताईंनी आपल्या टेबलावरच्या मायक्रोस्कोपला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. मग त्यांच्या मनात आलं, यंत्राला कुंकू, आणि ज्याच्यासाठी यंत्र त्याला नको? त्यांनी बाटलीचं बूच काढलं आणि कुंकवाचं ओलं बोट चिंगीच्या दाताला टेकवलं. श्रद्धेने टेकवलं, त्यात दुसरं काही नव्हतं.

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून एक केसाळ हात आत आला आणि नैवेद्याची केळी घेऊन गेला. रिजवरची माकडं, ती कुणाला भितात! अलकाताई हट् हट् करत धावल्या. परत आल्या त्या तणतणतच. दात जागेवर आहे का ते न बघताच बूच बाटलीला लावलं, टेबलावरच्या अक्षता हाताने भिंतीकडे लोटल्या, कुलूप घातलं आणि घरी गेल्या.

दसरा झाल्यावर सरांनी बाटली उघडली तर टाचणी रिकामी. टोकाला मेणाचा कण तेवढा होता, आणि तो गुलाबीसर होता. सरांना तो मेणाचाच रंग वाटला. अलकाताईंनी कुंकू ओळखलं; दात अक्षतांबरोबर टेबलामागे गेला होता. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी बंद केली होती, सर," नीला म्हणाली. "दात आत होता. ताईंनी बघितलंय. ताई, तुम्ही बघितलंत ना?"

"माझं लक्ष नव्हतं," अलकाताई म्हणाल्या.

तेवढंच. नोकरी कायम व्हायची फाईल त्याच महिन्यात वर गेली होती. निहार, त्यांचा मुलगा, तिसरीत होता. गुलाबरावांची, म्हणजे यजमानांची, बदली अडकली होती. कारणं काय, शोधली की सापडतात. दोन दिवसांनी सांगू असं त्यांनी ठरवलं, मग आठ दिवसांनी, आणि मग तोंडात धरलेली मिठाची गुळणी तशीच राहिली.

सरांनी नीलाला हाकललं नाही, सर तसे दुष्ट नव्हेत. ते एवढंच म्हणाले की, ज्याच्या हातून अशी वस्तू हरवते त्याच्या मापांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. दात हरवला की खोलीची धूळ गोळा करायची, खाणीतल्या मातीसारखी चाळणीवर धुवायची आणि मायक्रोस्कोपखाली वेचायची, हा तिथला नियम. त्याप्रमाणे नीलाच्या टेबलाखालची धूळ धुतली गेली. वेचली कोणी? अलकाताईंनीच. सहा दिवस मान मोडून, अगदी प्रामाणिकपणे, चुकीच्या टेबलाची धूळ. एक शब्द बोलल्या असत्या तर दात एका दिवसात मिळाला असता.

नीला महिन्याभराने निघून गेली. पीएचडी राहिली ती राहिलीच. नोएडाच्या एका शाळेत भूगोल शिकवते असं पुढे कानावर आलं. एकदा करोल बागेतल्या मंडळाच्या गणपतीत ती प्रसादाच्या रांगेत चार माणसं पुढे दिसली, तेव्हा अलकाताई प्रसाद न घेताच बाहेर पडल्या. त्या वर्षापासून खंडेनवमीला त्या मायक्रोस्कोपला फक्त फूल वाहतात. अक्षता का नाहीत, हे कोणी कधी विचारलं नाही.

"मावशी," अपूर्वा आता फरशीवरच बसून रडायला लागली होती, "माझं संपलंच ना? सर अजून त्या नीलाचं एग्झाम्पल देतात, माहितीये? प्रत्येक बॅचला. एक मुलगी होती, हुशार होती, पण हाताने बेफिकीर होती, म्हणतात. आता दोन एग्झाम्पल होतील."

हे अलकाताईंना माहीत नव्हतं. सर वर्गात काय सांगतात ते त्यांच्यापर्यंत कशाला पोचेल? अठरा वर्षं, दर वर्षी नवी मुलं, आणि दर वर्षी नीला नव्याने बेफिकीर. त्यांना बसल्या जागी इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "बाहेरून चौघांना बोलाव. टेबल सरकवू."

टेबल सरकलं. मागे बोटभर जाडीची धूळ होती. अलकाताईंनी ती मऊ ब्रशने कागदावर ओढली, फटीतून टाचणीने काढली, भिंतीच्या खपल्यांसकट गोळा केली. गार पाण्याखाली बारीक चाळणीवर ती धुतली. गरम पाणी नाही, मेण वितळतं. मग सगळा गाळ स्टीलच्या ताटल्यांत पसरून गच्चीवर फेब्रुवारीच्या उन्हात वाळत घातला आणि स्वतः हातात काठी घेऊन राखणीला बसल्या. समोर कठड्यावर तीन माकडं ओळीने बसून ताटल्यांकडे बघत होती, घरचं कार्य असल्यासारखी.

"या, या," अलकाताई काठी आपटत म्हणाल्या. "मागच्या वेळची केळी पचली ना? पुष्कळ महाग पडली ती."

अपूर्वाला वाटलं, मावशींना ऊन लागलं.

बुधवारी सकाळी वेचायला बसल्या. अलकाताईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, ऑपरेशन निवृत्तीनंतर करायचं म्हणून त्यांनी ते लपवून ठेवलं होतं. अपूर्वाला शेजारच्या मायक्रोस्कोपवर बसवलं, अर्धा माल तिला दिला. त्या धुळीतून काय काय निघालं! मुंग्यांचे पंख, पेन्सिलीची टोकं, फोडणीची मोहरी, एक टिकली, कुणाच्या तरी ड्रेसची चमकी, तुटलेल्या नखांचे चंद्र. तीस वर्षं या खोलीत माणसं जेवली, हसली, नखं चावत बसली, ते सगळं तिथे जमा झालेलं.

"मावशी, हे काय? राईस?"

अलकाताईंनी बघितलं. पिवळा पडलेला तांदळाचा दाणा, एका टोकाला लाल.

"अक्षता."

"अक्षता म्हणजे?"

"पूजेचे तांदूळ गं."

"अच्छा, लग्नात फेकतात ते. इथे कुणाचं लग्न झालं?" अपूर्वा हसली आणि पुढच्या कणाकडे वळली. दिल्लीत वाढलेली पोर, तिला त्यात विशेष काही वाटायचं कारण नव्हतं. अलकाताई मात्र आपल्या ताटलीतले कण आणखी हळू वेचू लागल्या.

गुरुवारी अकराच्या सुमारास अपूर्वा खुर्चीतून उडालीच. "मिळाला! मावशी, मिळाला! डावा, आपला डावा, बिल्कुल सेफ आहे!" तिने ओल्या ब्रशने, श्वास रोखून, दात उचलला, टाचणीवर बसवला, बाटलीत घातला आणि मग अलकाताईंच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. अलकाताईंचेही डोळे भरून आले. पोरगी वाचली याचा आनंद खरा होता.

"चला, समोसे आणते. आणि जिलेबी. आता हे सगळं फेकून देऊ, यार मावशी, बस झालं."

"तू जा, आण," अलकाताई म्हणाल्या. "माझ्या तीन ताटल्या राहिल्यात."

"पण मिळाला ना!"

"अर्ध्या ताटलीवरून उठायचं नसतं."

हाही तिथला नियमच होता, आणि तो त्यांनीच घालून दिलेला. त्या दिवशी मोडला असता तर कोणी विचारलं नसतं. अलकाताईंना मोडता आला नाही. अपूर्वा गेली. दुसऱ्या ताटलीच्या कडेला, एका अक्षतेला लागूनच, तो बसलेला होता.

त्यांनी उजवा डोळा चोळून परत बघितलं. कणीएवढा, तपकिरी, चकचकीत दात. बुडाशी मेणाचा कण. त्या मेणात लाल कुंकू मुरलेलं.

खोलीत कोणी नव्हतं. हा दात कोणी शोधत नव्हतं. अपूर्वाने सोमवारीच त्यांना मोठ्या कौतुकाने निरोपाच्या मानपत्राचा मसुदा वाचून दाखवला होता. त्यात सरांनी स्वतः लिहिलं होतं की, 'तीस वर्षांत यांच्या हातून एक कणही हरवला नाही.' शाल, श्रीफळ आणि ते वाक्य. गुलाबरावांनी त्यासाठी नवा कोट शिवायला टाकला होता, निहार पुण्याहून सुट्टी काढून येणार होता. ब्रशचा एक फटकारा दिला की दात पुन्हा धुळीत, धूळ कचऱ्याच्या पिशवीत, आणि अलकाताई शाल पांघरून घरी. नुसतं 'जुना दातही सापडला' म्हटलं, तरी त्या लाल मेणाकडे बघून सर विचारणारच.

त्यांनी दाराकडे बघितलं, मग परत भिंगात. भीती वाटत होती. पण त्याहून जास्त त्यांना दिसत होतं ते आत्ता गळ्यात पडून रडलेलं पोरगीचं तोंड, आणि त्याच्या जागी नीलाचं. नीलाला धरून रडायला कोणी नव्हतं. होत्या त्या फक्त अलकाताई, आणि त्यांचं लक्ष नव्हतं.

त्यांनी ब्रश जिभेला लावून ओला केला, दात उचलला आणि स्वच्छ ताटलीत ठेवला. अपूर्वा समोसे घेऊन आली तेव्हा त्या म्हणाल्या, "ते बाजूला ठेव आणि इथे डोळा लाव. मग मला काही सांगायचंय."

शुक्रवारी भाऊसाहेब सर आले. निवृत्त झाल्यावरही मानद म्हणून येतात, पासष्टीतही ताठ. अलकाताईंनी त्यांना उभ्यानेच सगळं सांगितलं. कुंकू, केळी, अक्षता, गुलाबी मेण, फाईल. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

"अलकाबाई, मी त्या मुलीचं नाव घेऊन वर्षानुवर्षं..." त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. मग ते रागावले, आवाज चढवून रागावले, आणि अर्ध्यावरच थांबले. आपण तिला एकदाही दुसऱ्यांदा विचारलं नाही, हे बहुधा त्यांच्याही ध्यानात आलं असावं.

"मानपत्रातलं ते वाक्य काढा, सर," अलकाताई म्हणाल्या. "आणि नीलाला मी फोन केलाय. नंबर मंडळाच्या ग्रुपवर मिळाला. उद्या तिची शाळा अर्धी असते, ती येते म्हणाली."

घरी गुलाबरावांना सांगितलं, तेव्हा ते चहाची बशी फिरवत बसले. "एका छपराखाली राहतोय," ते म्हणाले, "आणि अठरा वर्षं मला कळलं नाही." मग बशी खाली ठेवून म्हणाले, "कोट शिवून येऊ दे. शाल मिळो न मिळो, मी घालून येणार."

शनिवारी दुपारी नीला आली. त्रेचाळिशीची, कानांजवळ केस पांढरे झालेली, खांद्याला वह्यांनी फुगलेली पिशवी. अलकाताईंनी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. फोनवर अर्धंच सांगून झालं होतं, उरलेलं अलकाताईंनी तिथे सांगितलं. काही झाकलं नाही, माकडावर काही ढकललं नाही. अपूर्वा दाराशी उभी होती, तिला कोणी जा म्हटलं नाही.

नीलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पहिलं वर्षभर मी सगळ्यांना सांगायचे, मी बाटली बंद केली होती, दात आत होता. मग मलाच वाटायला लागलं, नसेल. नसेल मी नीट बसवला. माणूस एवढा मोठा आवाज करून सांगतो आणि कोणीच हो म्हणत नाही, म्हणजे आपलंच चुकलं असणार. आता शाळेत मुलींना सांगते मी, ताई. वस्तू जागच्या जागी ठेवा, मी एकदा फार मोठी वस्तू हरवली होती." तिने खांद्यावरची पिशवी सावरली. "आणि तुम्ही बघितलं होतं."

"हो."

"सगळं बघितलं होतं."

"हो गं."

"माफ वगैरे मला आज नाही जमणार."

"त्यासाठी नाही बोलावलं. तुझा दात तुला दाखवायला बोलावलं."

नीलाने पिशवी खाली ठेवली. मायक्रोस्कोपशी बसली, चष्मा केसांवर सरकवला आणि डोळा लावला. तिने फोकसचं चाक हळूहळू फिरवलं. तिचे खांदे हलत होते. अलकाताईंचा हात तिच्या पाठीपर्यंत गेला आणि तसाच मागे आला. तेवढा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे त्यांना कळत होतं.

"हाच," नीला भिंगातूनच म्हणाली. "मागच्या कडेला टवका आहे. मी याला झोपेतही ओळखेन." आणि मग, अगदी पूर्वीच्या आवाजात, "किती गं दमवलंस, चिंगे."

सरांनी तिची जुनी मापांची वही कपाटातून काढून टेबलावर ठेवली होती. तिने ती उघडली नाही, पण परतही केली नाही. दात ठेवायची नवी बाटली तयार होती. अपूर्वा पुढे झाली, तशी नीलाने हात केला. "मी ठेवते."

तिने ब्रश जिभेला लावून ओला केला. ही सवय तिला अलकाताईंनीच लावली होती. टाचणीच्या डोक्यावर ताज्या मेणाचा ठिपका घेतला. दात अलगद मेणावर बसवला. कुंकू तसंच राहू दिलं. टाचणी बाटलीत सोडली आणि बूच अंगठ्याने घट्ट दाबलं.

मग खुर्ची फिरवून तिने अलकाताईंकडे बघितलं. अठरा वर्षांपूर्वी बघायची तसंच.

"बघा हं ताई. बंद केली."

अलकाताईंनी चष्मा पुसला, दोन पावलं पुढे आल्या, बाटली उजेडात धरून दात बघितला, बूच बघितलं.

"बघितलं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "नीला, मी बघितलं."